बैलाचे रक्त आणि तुर्कांचे हमाम
(हंगेरीतील एगर या गावाचा एक अभ्यास)

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. द्वितीय वर्षाच्या वर्गात मी युरोपचा इतिहास शिकवीत होतो. विषय ऑटोमन तुर्कांच्या मध्य युरोपातील स्वाऱ्यांचा होता. तास दुपारचा, वर्ग पेंगुळलेला. मुलांना जागे करावे म्हणून मी हंगेरीतील एगरच्या वेढ्याची गोष्ट रंगवून सांगितली. किल्लेदार दोबो इश्तवान याने आपल्या थकलेल्या शिपायांना तांबडी वाइन पाजली, ती त्यांच्या दाढ्यांवरून ओघळली, आणि ते पाहून तुर्कांना वाटले की ही माणसे बैलाचे रक्त पिऊन लढतात. तुर्क घाबरले आणि वेढा उठला. त्या दिवसापासून एगरच्या वाइनला 'बिकावेर', म्हणजे 'बैलाचे रक्त' असे नाव पडले.

वर्ग जागा झाला. एवढ्यात मागच्या बाकावरची एक विद्यार्थिनी उभी राहिली आणि म्हणाली, "सर, ह्याला पुरावा काय?"

मी म्हणालो, "अगं, सारं जग सांगतं ते!" वर्ग हसला. ती खाली बसली. तास संपला.

पुढे कितीतरी दिवस ते हसणे माझ्या कानांत राहिले. कारण ज्या वर्गात मी पहिल्या दिवशी फळ्यावर 'साधने' हा शब्द लिहितो, त्याच वर्गात पुराव्याचा प्रश्न विचारणाऱ्या मुलीला मी हशावारी नेले होते. प्रस्तुत लेख म्हणजे त्या प्रश्नाचे उशिरा दिलेले उत्तर आहे.

सुट्टीचे निमित्त

गेल्या ऑक्टोबरात मला तीन आठवडे बुडापेस्टला राहण्याचा योग आला. ग्रंथालयातील खुर्चीत दिवस दिवस बसून माझी जुनी कंबरदुखी बळावली. तेथील एका स्नेह्याने सांगितले, "चार दिवस एगरला जा. गरम पाण्यात बसा, काही वाचू नका, काही लिहू नका." मी त्यांचा अर्धाच सल्ला मानला, हे या लेखावरून दिसेलच.

बुडापेस्टच्या केलेती स्टेशनातून आगगाडीने ईशान्येकडे सुमारे दोन तास गेले की एगर येते. ब्युक नावाच्या डोंगररांगेच्या दक्षिण पायथ्याशी वसलेले हे पन्नासएक हजार वस्तीचे गाव आहे. उतारांवर द्राक्षांचे मळे, मधून वाहणारा छोटा ओढा, वर किल्ला, खाली चर्चचे मनोरे आणि या सर्वांत एकटाच उभा असलेला एक तुर्की मिनार, असे त्याचे प्रथमदर्शनी रूप आहे. हंगेरीचा पहिला राजा संत इश्तवान याने अकराव्या शतकाच्या आरंभी येथे बिशपचे पीठ स्थापले. १२४१ च्या मोंगल स्वारीत गाव उद्ध्वस्त झाले आणि त्यानंतर टेकडीवर दगडी किल्ला उभा राहिला. गावात गरम पाण्याचे झरे आहेत, टेकड्यांत वाइनची तळघरे आहेत. विश्रांतीला येणाऱ्या माणसाला आणखी काय हवे?

पण इतिहासाच्या शिक्षकाला विश्रांती फारशी लाभत नाही. पहिल्याच संध्याकाळी मी गावातील मुख्य चौकात गेलो. चौकाला दोबोचे नाव आहे. मधोमध दोबोचा पुतळा आहे, तो श्त्रोब्ल या शिल्पकाराने घडविला आणि १९०७ साली तो उभारला गेला. पुतळ्याकडे पाहताना मला वर्गातील तो प्रश्न आठवला. मनाशी ठरविले की चार दिवसांत कंबर बरी झाली नाही तरी चालेल, प्रश्नाचा निकाल लावायचा.

१५५२ चा वेढा

प्रथम निर्विवाद भाग पाहू. १५२६ साली मोहाचच्या लढाईत हंगेरीचा राजा मारला गेला. १५४१ साली बुडा तुर्कांच्या हाती गेले. देशाचे तीन तुकडे झाले : मध्यभाग तुर्कांकडे, पश्चिम व उत्तर भाग हॅब्सबर्ग राजाकडे आणि पूर्वेस ट्रान्सिल्व्हेनिया. एगर हे उत्तरेकडील खाणींच्या प्रदेशाचे दार होते. १५५२ च्या उन्हाळ्यात तेमेश्वार पडले, सप्टेंबरच्या आरंभी सोल्नोक पडले आणि वजीर कारा अहमद पाशा व बुडाचा अली पाशा यांच्या फौजा एगरपुढे येऊन ठाकल्या.

किल्ल्यात स्त्रिया-मुले धरून सुमारे दोन हजार माणसे होती. बाहेरच्या फौजेचा आकडा जुन्या गोष्टींत दीड-दोन लाखांपर्यंत चढतो. आजचे अभ्यासक तो पस्तीस-चाळीस हजार धरतात. आकडा उतरला म्हणून पराक्रम उणा होतो असे नाही, एकास पंधरा-वीस हे प्रमाण काही थोडे नव्हे. ४ ऑक्टोबरला किल्ल्यातील दारूकोठाराचा भडका उडाला, तरीही शिबंदी ढळली नाही. बोर्नेमिस्सा गेर्गेय नावाच्या अधिकाऱ्याने दारू भरलेली मडकी व पिंपे तटावरून खाली सोडली. स्त्रियाही तटावर लढल्या. सुमारे ३९ दिवसांनंतर, ऑक्टोबरच्या मध्यास, थंडी-पाऊस, अन्नाची टंचाई आणि मोठे नुकसान यांमुळे तुर्क सैन्य परतले.

एवढे घडले. आता ते आपणापर्यंत कसे आले, हे पाहणे अधिक बोधप्रद आहे.

शाहीर आणि कादंबरीकार

वेढ्यानंतर थोड्याच काळात तिनोदी शेबेश्त्येन नावाचा एक कवी-गायक एगरला आला. वाद्यावर ऐतिहासिक गीते गाणे हा त्याचा व्यवसाय होता. आपल्या भाषेत त्याला शाहीर म्हणावे. त्याने लढलेल्या माणसांकडून हकीकती गोळा केल्या आणि वेढ्यावर दीर्घ पद्यकथा रचली. त्याचा संग्रह १५५४ साली छापला गेला. आपल्याकडे अज्ञानदासाच्या अफझलखानवधाच्या पोवाड्याला अभ्यासक जे महत्त्व देतात, साधारण तेच तिनोदीला तिकडे आहे. पद्य आहे, पण घटनेच्या लगतचे आहे.

त्यानंतरच्या काळात एगरची आठवण मंदावली आणि एकोणिसाव्या शतकात ती पुन्हा पेटली. व्होरोश्मार्ती या कवीने १८२७ साली 'एगर' नावाचे महाकाव्य लिहिले. सेकेय बेर्तालान या चित्रकाराने १८६७ साली तटावर लढणाऱ्या एगरच्या स्त्रियांचे प्रसिद्ध चित्र काढले. १८४८-४९ चा स्वातंत्र्याचा उठाव चिरडला गेलेल्या देशाला एका जिंकलेल्या वेढ्याची किती गरज असेल, हे आपणांस समजावून सांगायला नको.

या आठवणीला कायमचे रूप दिले ते गार्दोन्यी गेझा या लेखकाने. हा १८९७ साली एगरला राहायला आला, किल्ल्याजवळच्या घरात बसला आणि 'एगरचे तारे' ही कादंबरी लिहिली. ती १९०१ साली पुस्तकरूपाने निघाली. लिहिण्यापूर्वी तो कॉन्स्टॅन्टिनोपलला जाऊन आला, कागदपत्रे वाचली. म्हणजे लेखक बेजबाबदार नव्हता. परंतु कादंबरी ती कादंबरीच. तिच्यावर १९६८ साली चित्रपट निघाला, आणि २००५ साली हंगेरियन वाचकांनी आपली सर्वांत आवडती कादंबरी म्हणून तिचीच निवड केली. किल्ला पाहायला आलेली शाळकरी मुले तटावर उभी राहून कादंबरीतल्या पात्रांची नावे घेतात, हे मी स्वतः ऐकले. गार्दोन्यीला किल्ल्यातच पुरले आहे. त्याच्या थडग्यावर 'फक्त त्याचे शरीर' एवढ्याच अर्थाचे शब्द आहेत.

येथे एक योगायोग नोंदवावासा वाटतो. गार्दोन्यी एगरमध्ये कादंबरीची तयारी करीत होता त्याच सुमारास, १८९८ साली, इकडे राजवाड्यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड निघाला. आणि थोड्याच वर्षांत हरिभाऊ आपट्यांची सिंहगडावरची कादंबरी आली. साधने आणि कादंबरी, दोन्ही वाटा एकाच वेळी, एकाच भुकेतून निघाल्या होत्या. सिंहगडाच्या घोरपडीबद्दल आपण वर्गात जो वाद घालतो, त्याच जातीचा वाद मला आता एगरच्या वाइनबद्दल घालायचा होता.

तळघरातील धडा

प्राध्यापकाने महाविद्यालयाच्या अंकात वाइनविषयी लिहावे की नाही, याबद्दल मतभेद होतील. मी ती अभ्यासापुरतीच चाखली, एवढे येथे नमूद करून पुढे जातो.

गावाच्या कडेला 'सुंदर बाईची दरी' अशा गोड नावाची जागा आहे. टेकडीचा दगड ज्वालामुखीच्या राखेचा, म्हणून मऊ. त्यात ओळीने तळघरे खोदलेली आहेत. बाहेर ऊन असो की बर्फ, आतली हवा थंड व ओलसर राहते, आणि पिंपांतील वाइनला तेच मानवते. एका तळघराच्या म्हाताऱ्या मालकाला थोडे इंग्रजी येत होते. भिंतीवर अर्थातच दाढीवाल्या शिपायांचे चित्र होते. मी त्यांना तोच प्रश्न विचारला, "ह्याला पुरावा काय?"

ते माझ्यासारखे हसले नाहीत. पिंपावर हात ठेवून म्हणाले, "गोष्ट चांगली आहे, तिच्यावर आमचे पोट चालते. पण दोबोच्या वेळी इथे तांबडी वाइन होतीच कुठे?"

नंतर बुडापेस्टला परतून मी वाचले ते असे. सोळाव्या शतकाच्या मध्यास एगरच्या परिसरात मुख्यतः पांढरी वाइन होत असे. द्राक्षांचा रस सालींसकट आंबवून तांबडी वाइन करण्याची रीत आणि 'कादार्का' ही काळी द्राक्षे बाल्कनमधून उत्तरेकडे सरकणाऱ्या सर्ब लोकांबरोबर हंगेरीत पसरली. हे लोक उत्तरेकडे का सरकले? तुर्कांच्या रेट्याने. म्हणजे ज्या वाइनने तुर्क पळाले असे आपण सांगतो, ती वाइन मुळात तुर्कांच्या आगमनामुळे एगरला आली!

आता नाव. 'बिकावेर' हा शब्द वाइनसाठी प्रथम आढळतो तो एगरच्या नव्हे, दक्षिणेकडील सेक्सार्द गावच्या संदर्भात. १८४६ साली गराय यानोश या कवीने आपल्या गावच्या वाइनवर रचलेल्या गीतात तो वापरला. एगरशी ते नाव जोडले गेले ते एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. आजही एगर व सेक्सार्द ही दोन्ही गावे बिकावेर बनवतात. पुढे वेलींवरील फिलोक्सेरा किडीने जुने मळे बसविले, कादार्का मागे पडली आणि केकफ्रांकोश ही जात पुढे आली. समाजवादी राजवटीत बिकावेर प्रचंड प्रमाणावर बनू लागले आणि त्याची प्रत खालावली. १९८९ नंतर खासगी मळेवाल्यांनी ती पुन्हा वर आणली. १९९७ साली बिकावेर कशाला म्हणावे याचे नियम ठरले. अनेक जातींच्या द्राक्षांचे मिश्रण हे त्याचे लक्षण. एका जातीचे बिकावेर होत नाही. ही गोष्टही मला मोठी अर्थपूर्ण वाटली.

तेव्हा निकाल असा : वेढा खरा, शौर्य खरे, वाइन खरी. तिन्हींना जोडणारी दाढीची गोष्ट मात्र फार नंतरची. त्या विद्यार्थिनीचा प्रश्न बरोबर होता आणि माझे उत्तर चूक होते.

विसरलेली एक्याण्णव वर्षे

पण एवढ्यावर अभ्यास संपला असता तर हा लेख लिहिण्याचे कारण नव्हते. तिसऱ्या दिवशी सकाळी मी हमामात गेलो आणि खरा धडा तेथे मिळाला.

१५५२ ची गोष्ट सांगताना आपण पुढचे पान उलटत नाही. १५९६ साली सुलतान तिसरा मेहमद स्वतः फौज घेऊन एगरवर आला. या वेळी किल्ल्यात मुख्यतः भाडोत्री शिपाई होते आणि किल्ला काही आठवड्यांतच पडला. त्यानंतर १६८७ पर्यंत, म्हणजे ९१ वर्षे, एगर हे ऑटोमन प्रांताचे ठाणे होते. ३९ दिवसांसाठी पुतळा, चौक, महाकाव्य, कादंबरी आणि चित्रपट आहेत. ९१ वर्षांसाठी काय आहे? मिनार आणि पाणी.

मिनार चाळीस मीटर उंच आहे. आतून चक्राकार ९७ पायऱ्या आहेत. जिना इतका अरुंद की समोरून कोणी आले तर दोघांपैकी एकाला मागे फिरावे लागते. कमरेची पर्वा न करता मी चढलो. वर छातीएवढ्या कठड्यामागे एक पाऊल मावेल एवढीच जागा. या मिनाराची मशीद आता नाही. तुर्क गेल्यावर ती ख्रिस्ती प्रार्थनागृह म्हणून वापरली गेली आणि १८४१ साली पाडली गेली. मिनार पाडण्यासाठी चारशे बैल जुंपले तरी तो हलला नाही, अशी लोककथा आहे. (एगरच्या कथांत बैलांना फार काम पडते!) युरोपात ऑटोमन काळातील जे मिनार उरले, त्यांपैकी अगदी उत्तरेकडच्यांत याची गणना होते.

हमाम सतराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात, अर्नाउत पाशाच्या कारकिर्दीत बांधले गेले. झरे त्याआधीही होते, मध्ययुगातही लोक त्यांत स्नान करीत. पण त्यांवर घुमट चढविला तो तुर्कांनी. तुर्क गेले, हमाम राहिले. बिशपांनी ते वापरले, डॉक्टरांनी वापरले, आणि एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात त्याचा विस्तार होऊन आजचे रूप आले. मधल्या कुंडावर सोनेरी चकत्यांचा घुमट आहे. पाणी कढत नाही, अंगाला सुखावेल असे कोमट आहे. पाण्यात किंचित रेडॉन असल्याने सांधेदुखीवर ते चांगले, असे तेथे सांगतात. माझ्या शेजारी तीन वृद्ध गृहस्थ गळ्यापर्यंत पाण्यात बसून संथपणे गप्पा मारीत होते. रोज सकाळी येत असावेत. त्यांच्या डोक्यावर तुर्की घुमट होता आणि बाहेर पडल्यावर ते दोबो चौकात कॉफी पिणार होते. त्यांना यात काही विसंगती वाटत नव्हती.

मला मात्र वाटली. किंबहुना आपण जिंकलेले दिवस ग्रंथात ठेवतो आणि हरलेली वर्षे वापरात ठेवतो, असे त्या पाण्यात बसून माझ्या मनात आले. १६८७ साली अन्नपाणी तोडून किल्ला परत घेतला गेला, तेव्हा काही मुसलमान कुटुंबे निघून न जाता ख्रिस्ती होऊन गावातच राहिली. आज दोबोच्या पुतळ्यापुढे फोटो काढणाऱ्या कोणत्या मुलाचे पूर्वज तटाच्या आत होते आणि कोणाचे बाहेर, हे कोण सांगणार?

आणि दोबोचे पुढे काय झाले? ज्या राजासाठी हॅब्सबर्ग सरहद्द राखली, त्याच घराण्याच्या मिक्शा राजाने १५६९ साली फितुरीच्या आरोपाखाली त्याला कैदेत टाकले. १५७२ साली सुटला आणि लवकरच वारला. ही हकीकत पुतळ्यापुढे सहसा कोणी सांगत नाही.

मिठाची टेकडी

चौथ्या दिवशी मी सहा-सात किलोमीटरांवरील एगरसालोक या खेड्यात गेलो. तेथे डोंगरउतारावर पांढऱ्याशुभ्र पायऱ्या-पायऱ्यांची एक टेकडी आहे. तिच्यावरून वाफाळते पाणी झिरपत असते. लोक तिला मिठाची टेकडी म्हणतात. पाहताच वाटते की लाखो वर्षांची निसर्गाची करणी असावी. प्रत्यक्षात १९६१ साली जमिनीत खोल भोक पाडले तेव्हा सुमारे ६५ ते ६८ अंश सेल्सिअसचे पाणी वर उसळले. ते उतारावरून वाहताना निवते, त्यातील चुना दगडावर साचतो आणि थर चढत जातात. म्हणजे टेकडी माझ्या थोरल्या बहिणीच्या वयाची आहे, आणि ती मिठाची नाही, चुन्याची आहे! जे प्राचीन दिसते ते प्राचीन असतेच असे नाही, हा धडा निसर्गानेही त्याच गावात द्यावा, याची मला गंमत वाटली.

अंधाऱ्या खोलीतील गाव

निघण्यापूर्वी लायसिअम पाहिले. एस्टरहाझी कारोय या बिशपने १७६५ पासून वीस वर्षे खपून ही भव्य इमारत विद्यापीठासाठी उभारली. विद्यापीठाची परवानगी व्हिएन्नाने दिली नाही. इमारत, ग्रंथालय व वेधशाळा मात्र राहिली. आज त्या बिशपच्याच नावाचे विद्यापीठ तेथे आहे. परवानगी यायला शतके लागली, पण शिक्षणाची वास्तू वाट पाहत उभी राहिली, हे कोणत्याही शिक्षकाला धीर देणारे आहे.

वरच्या मजल्यावर अठराव्या शतकातील 'कॅमेरा ऑब्स्क्युरा' आहे. खोली पूर्ण अंधारी. छतातील आरसा व भिंग यांतून बाहेरचे गाव मधल्या पांढऱ्या गोल मेजावर उतरते. दांडा फिरविला की किल्ला येतो, चौक येतो, मिनार येतो. माणसे चालताना दिसतात, झाडे हलतात. मेजावर ते चित्र खरेच असते, पण दांडा ज्या दिशेला फिरवाल तेवढेच दिसते. शंभर वर्षे तो दांडा किल्ल्याकडे वळलेला राहिला, म्हणून जगाला ३९ दिवस दिसले. मी वर्गात तेवढेच चित्र दाखविले होते.

गोष्टी सांगू नयेत, असे माझे म्हणणे नाही. गोष्टीवाचून दुपारचा तास जात नाही, आणि गावांचेही शतकानुशतके निभत नाही. परंतु गोष्ट सांगून झाल्यावर शिक्षकाने तीन रकाने आखले पाहिजेत : काय घडले, लगेच कोणी काय लिहिले, आणि पुढे कोणाला काय हवेसे वाटले. बैलाचे रक्त तिसऱ्या रकान्यात जाते. त्याने ते खोटे ठरत नाही, त्याची जागा ठरते. एकोणिसाव्या शतकातील हंगेरीचा अभ्यास करणाऱ्याला तोच मोठा पुरावा आहे.

ती विद्यार्थिनी आता शेवटच्या वर्षाला आहे. परत आल्यावर ग्रंथालयापाशी तिची गाठ पडली. मी तिला म्हणालो, "तुझ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. पुरावा नाही."

ती क्षणभर गोंधळली, मग तिला आठवले. "मग सर, पुढच्या वर्गाला ती गोष्ट सांगणार नाही का?"

"सांगणार," मी म्हणालो, "पण पुढचं पान उलटून."